रॉडनी स्ट्रीटवरून नुसतेच पुढे जाऊ नका: ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ब्रिटनमधल्या महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि रविवारच्या मराठी शाळा चालवणारे शिक्षक-पालक यांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्यापैकी कुठल्या ना कुठल्या मंडळाची बस लिव्हरपूलला येते. कार्यक्रम ठरलेला असतो. अल्बर्ट डॉक, पिअर हेडवर बीटल्सच्या पुतळ्यांसोबत फोटो, मुलांसाठी अ‍ॅनफिल्डचं फुटबॉल मैदान, दुपारी डबे उघडून सगळ्यांनी मिळून जेवण, मग कॅथेड्रल आणि परतीचा रस्ता. मी या शहरात राहते, त्यामुळे वाट दाखवायला बऱ्याचदा मलाच बोलावलं जातं आणि मी हौसेने येते. पण अलीकडे एका मंडळाच्या सहलीच्या पत्रकात रॉडनी स्ट्रीटबद्दल ‘जुन्या व्यापाऱ्यांचे देखणे वाडे, फोटोसाठी उत्तम’ एवढंच छापलेलं वाचलं. तिथे अर्धा तास थांबून मुलांना चार गोष्टी सांगू द्या, असं मी म्हटलं. उत्तर आलं, “सुट्टीच्या दिवशी हे कशाला? आणि तो त्यांचा इतिहास. आपला काय संबंध?”

उत्तर देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तो एकट्यादुकट्याचा नाही. म्हणून सगळ्यांनाच लिहिते आहे.

आधी ‘त्यांचा इतिहास’. ब्रिटिश जहाजांनी आफ्रिकेतून सुमारे ३० लाख माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली. त्यातली जवळजवळ निम्मी लिव्हरपूलच्या जहाजांतून गेली. १७०० च्या सुमारास इथून पहिली जहाजं सुटली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडन आणि ब्रिस्टल या दोन्ही बंदरांना या शहराने कितीतरी मागे टाकलं. १८०७ मध्ये संसदेने हा व्यापार बंद केला, तेव्हा कायदा लागू होण्याआधी परवाना काढून ठेवलेलं शेवटचं इंग्रजी जहाजही इथूनच निघालं. गावातली प्रतिष्ठित माणसं यातच होती. अनेक महापौर या व्यापारातले. विल्यम ग्रेगसन १७६२ मध्ये महापौर झाला. पुढे १७८१ मध्ये त्याच्या आणि त्याच्या भागीदारांच्या ‘झाँग’ जहाजावरून सुमारे १३० जिवंत माणसं समुद्रात फेकली गेली आणि नंतर मालकांनी माणशी ३० पौंडांप्रमाणे विम्याचा दावा लावला. खटला चालला तो ‘माल’ बुडाल्याची भरपाई द्यायची की नाही, यावर. खुनाबद्दल कोणावरही खटला झाला नाही.

आता शहर बघा. टाऊन हॉलच्या भिंतीवर वरच्या पट्ट्यात नजर टाका. १७५४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीवर दगडात कोरलेले हत्ती आहेत आणि आफ्रिकन माणसांचे चेहरे आहेत. शहर कशावर श्रीमंत झालं, हे लपवण्याची तेव्हा कोणाला गरजच वाटली नव्हती. तिथून दोन मिनिटांवर वॉटर स्ट्रीटला मार्टिन्स बँकेची जुनी इमारत आहे. ती तर १९३२ ची, म्हणजे गुलामांचा व्यापार बंद होऊन सव्वाशे वर्षं झाल्यानंतरची. तिच्या दाराशी समुद्रदेवाची आकृती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन आफ्रिकन मुलं, पैशांच्या थैल्या धरून उभी. आपली मुलं या दारासमोरून जातात, वयाने साधारण त्या दगडातल्या मुलांएवढीच. त्यांना ती दिसतात. विचारत नाहीत, कारण मोठी माणसं थांबत नाहीत.

व्यापाऱ्याचं घर कसं असायचं, हे बघायचं तर कोलक्विट स्ट्रीटला चला. थॉमस पार नावाच्या गुलामांच्या व्यापाऱ्याने १७९९ च्या सुमारास बांधलेलं घर तिथे अजून आहे. मधे राहण्याची मोठी इमारत, दोन्ही अंगांना जोडलेले लहान भाग, त्यात पेढीचं कामकाज, आणि मागच्या बाजूला वखार. घर, हिशेब आणि माल, सगळं एका कुंपणात. मागच्या गल्लीला आजही पार स्ट्रीट म्हणतात. याच माणसाच्या नावाचं जहाज होतं, ७०० माणसं कोंबता यावीत असं बांधलेलं, ब्रिटिश गुलामव्यापारातलं सर्वांत मोठं. पहिल्याच फेरीत, १७९८ मध्ये, त्याचा स्फोट होऊन ते नष्ट झालं. एवढं मोठं जहाज गेलं आणि तरी त्याच सुमारास हे घर उभं राहिलं. या धंद्यात नफा किती होता, ते यावरून समजून घ्यावं.

आफ्रिकेकडे निघणाऱ्या या जहाजांत काय भरलेलं असायचं? बंदुका, पितळी भांडी, दारू, आणि कापड. या कापडाचा मोठा हिस्सा हिंदुस्थानी होता. गुजरातच्या आणि कोरोमंडल किनाऱ्याच्या विणकरांनी विणलेलं सुती कापड ईस्ट इंडिया कंपनी लंडनला आणायची. १७२१ च्या कायद्याने रंगीत आणि छापील सुती कापड इंग्लंडमध्ये वापरायला बंदी होती, पण बाहेर पाठवायला मुभा होती. ते पश्चिम आफ्रिकेला जायचं, कारण तिथल्या व्यापाऱ्यांना तेच पसंत होतं. मँचेस्टरच्या गिरण्यांनी पुढे त्याच कापडाच्या नकला करून आफ्रिकेला पाठवल्या. मागावर बसलेल्या विणकराला आपलं ठाण कशाच्या बदल्यात जाणार, याची कल्पना असायचं कारण नाही. पण ‘आपला काय संबंध’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर त्या ठाणांत आहे.

दुसरं उत्तर रॉडनी स्ट्रीटवर आहे आणि ते फार जवळचं आहे.

हा रस्ता १७८० च्या दशकात आखला गेला आणि त्याला अ‍ॅडमिरल रॉडनीचं नाव दिलं. कॅरिबियन समुद्रात फ्रेंचांना हरवून साखरेची बेटं राखणारा आणि गुलामांचा व्यापार चालू राहावा म्हणणारा हा दर्यावर्दी. लाल विटांची घरं, दारावर अर्धगोल काच, पुढे खांब, पहिल्या मजल्याला नक्षीदार लोखंडी सज्जे. आता इथे डॉक्टरांचे दवाखाने आहेत. चर्चच्या आवारात पिरॅमिडच्या आकाराचं एक थडगं आहे. गाईड तिथे थांबून भुताची गोष्ट सांगतात, मुलं खूश होतात, आणि सगळे ६२ नंबरच्या घरावरून पुढे निघून जातात.

त्या ६२ नंबरच्या घरात २९ डिसेंबर १८०९ रोजी विल्यम ग्लॅडस्टन जन्मला, जो पुढे चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये संसदेवर निवडून आले ते याच ग्लॅडस्टनच्या लिबरल पक्षाकडून, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे नाव आदराचं. मला इथे त्याच्या वडिलांबद्दल सांगायचं आहे. जॉन ग्लॅडस्टन १७८७ मध्ये स्कॉटलंडहून लिव्हरपूलला आला तो धान्याचा व्यापारी म्हणून. हे घर त्याने १७९२-९३ मध्ये बांधलं, तेव्हा तो मळेवाला झालेला नव्हता, हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. गुलामांची जहाजंही त्याने पाठवली नाहीत. त्याने डेमेराराचे, म्हणजे आजच्या गयानातले, उसाचे मळे आधी गहाण म्हणून आणि मग मालकीने घेतले. १८१० च्या दशकापासून त्याची खरी दौलत तिथून आली. त्या मळ्यांवर त्याने आयुष्यात एकदाही पाऊल ठेवलं नाही.

त्याच्या ‘सक्सेस’ नावाच्या मळ्यावरून ऑगस्ट १८२३ मध्ये हजारो गुलामांचा उठाव सुरू झाला. क्वामिना नावाचा सुतार तिथला ज्येष्ठ माणूस, चर्चमधला डीकन, म्हणजे सेवेकरी. रक्तपात नको, काम बंद ठेवू, असं त्याचं सांगणं होतं. त्याचा मुलगा जॅक उठावाचा पुढारी. बापलेक गुलाम, आणि मुलाच्या नावापुढे आडनाव मालकाचं: जॅक ग्लॅडस्टन. शेकडो माणसं मारली गेली. क्वामिनाला गोळी घातली आणि त्याचं प्रेत साखळदंडात अडकवून सक्सेस मळ्यासमोर रस्त्याच्या कडेला टांगून ठेवलं.

१८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा झाला. सरकारने भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर केले. ते मिळाले मालकांना. गुलामांना एक पेनी मिळाली नाही, उलट आणखी काही वर्षं त्याच मालकांकडे ‘उमेदवारी’ करण्याची सक्ती झाली. जॉन ग्लॅडस्टनला २,५०८ माणसांपोटी १ लाख ६ हजार ७६९ पौंड मिळाले, इतर कोणाहीपेक्षा जास्त.

या भरपाईसाठी सरकारने काढलेलं कर्ज, जुन्या रोख्यांतून नव्या रोख्यांत फिरत, शेवटी फिटलं ते २०१५ मध्ये. ब्रिटनच्या अर्थखात्यानेच २०१८ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. मंडळी, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. २०१५ च्या आधी इथे नोकरी केलेल्या आपल्यातल्या प्रत्येक इंजिनियरच्या, नर्सच्या, डॉक्टरच्या पगारातून कापलेल्या करातून या कर्जाचा हप्ता गेला आहे. पुण्याहून, नाशिकहून, सोलापूरहून येऊन ज्यांनी इथे वर्षानुवर्षं घाम गाळला, त्यांनी नकळत गुलामांच्या मालकांची देणी फेडली. लंडनच्या हॅकनीत राहणाऱ्या जमैकन बाईनेही फेडली, जिच्या पणजीला त्या पैशांतला छदामही मिळाला नव्हता. हे कळल्यावरही ‘आपला काय संबंध’ असं म्हणता येईल का?

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते पुढचं. गुलाम सुटणार म्हटल्यावर मळ्यांवर राबायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न ग्लॅडस्टनला पडला. मॉरिशसच्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. ४ जानेवारी १८३६ रोजी त्याने कलकत्त्याच्या एका गोऱ्या पेढीला पत्र लिहून मजुरांची मागणी केली. पेढीचं उत्तर उपलब्ध आहे. त्याचा आशय असा: माणसं पाठवायला काही अडचण येईल असं वाटत नाही, कारण आपण कुठे चाललो आहोत आणि प्रवास किती लांबचा आहे, याची या लोकांना अजिबात कल्पना नसते.

माणसांचं अज्ञान ही मालाची चांगली बाजू म्हणून लिहून पाठवलेली आहे. त्या पत्राचा हा भाग मी जितक्या वेळा वाचते, तितक्या वेळा माझा हात थरथरतो. छोटा नागपूरच्या डोंगरातल्या आदिवासींबद्दल लिहिलेलं आहे ते. ५ मे १८३८ रोजी ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजं गयानाच्या किनाऱ्याला लागली. ३९६ माणसं उतरली, त्यांतली कितीतरी थेट ग्लॅडस्टनच्या मळ्यांवर गेली. वर्षभरात तिथल्या मारहाणीच्या आणि कोंडून ठेवण्याच्या हकिगती लंडनला पोचल्या. काही वर्षं भरती थांबवावी लागली. मग ती पुन्हा सुरू झाली आणि १९१७ पर्यंत चालू राहिली. एकट्या ब्रिटिश गयानात जवळजवळ २ लाख ४० हजार हिंदुस्थानी गेले, मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास.

मॉरिशसला गेलेल्यांत आपले कोकणातले लोक होते. मुंबई बंदरातून जहाजात बसलेले, रत्नागिरीकडचे, सावंतवाडीकडचे. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर ज्या १६ पायऱ्या चढून मजूर आत जायचे, त्या त्यांनीही चढल्या. ‘मॉरिशसच्या मराठी माणसाने भाषा आणि गणपती जपला’ याचं कौतुक आपण प्रत्येक संमेलनात टाळ्या वाजवून करतो, आणि ते करायलाच हवं. पण तो तिथे का गेला? कोणाच्या रिकाम्या झालेल्या झोपड्यांत त्याला ठेवलं? कोणाच्या जागी तो उसात उभा राहिला? हे सांगितल्याशिवाय ते कौतुक अर्धवट राहतं. आफ्रिकन माणूस जिथून सुटला, तिथेच आपला माणूस नेऊन उभा केला गेला. या दोन गोष्टी एकाच खतावणीच्या लागोपाठच्या पानांवर आहेत, आणि अटलांटिकच्या बाजूची ती खतावणी ज्यांनी लिहिली, त्यांतला सर्वांत मोठा माणूस रॉडनी स्ट्रीटवर राहत होता.

आणखी एक घर सांगते, थोडक्यात. अबरक्रॉम्बी स्क्वेअरमधलं १९ नंबर, आता विद्यापीठाकडे आहे. १८६२-६३ मध्ये चार्ल्स प्रिओलो या दक्षिण कॅरोलिनाच्या व्यापाऱ्यासाठी बांधलेलं. अमेरिकेत गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांचा लिव्हरपूलमधला पैशाचा कारभार त्याची पेढी बघायची. आतल्या छतावर त्याच्या राज्याचं चिन्ह असलेलं ताडासारखं झाड रंगवलेलं आहे. ज्या वर्षांत हे छत रंगत होतं, त्याच वर्षांत गुलामांनी पिकवलेला अमेरिकन कापूस युद्धामुळे अडला आणि खानदेश-वऱ्हाडचा, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईतून याच बंदरात येऊ लागला. मुंबईतल्या त्या वेळच्या श्रीमंतीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. ती श्रीमंती लिव्हरपूलच्या धक्क्यावरून बघितली की वेगळी दिसते.

आता आक्षेपांबद्दल. “आपण इथे पाहुणे, दुसऱ्यांच्या घरची धुणी आपण का धुवायची?” असं काही ज्येष्ठ म्हणतात. पण घरच्यांनी स्वतःच ती बाहेर काढली आहेत. लिव्हरपूल महापालिकेने डिसेंबर १९९९ मध्ये गुलामव्यापाराबद्दल औपचारिक माफी मागितली. २००७ मध्ये इथे आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय उभं राहिलं. २०२२ पासून रस्त्यांच्या नावांमागची ही हकिगत सांगणाऱ्या पाट्या लागायला लागल्या, त्या एरिक लिंच यांच्या नावाने. या कृष्णवर्णीय इतिहासकाराने आयुष्यभर लोकांना पायी फिरवून हे शहर शिकवलं. विद्यार्थ्यांच्या मागणीवरून विद्यापीठाने वसतिगृहाचं ग्लॅडस्टन हे नाव काढून २०२१ मध्ये डोरोथी कुया या इथल्या लढाऊ शिक्षिकेचं नाव दिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लॅडस्टनचे वंशज गयानाला गेले आणि पूर्वजांच्या कृत्याबद्दल तिथे उभं राहून माफी मागितली. मालकाचे वारस बोलू शकतात, मग मजुराच्या देशातली माणसं का नाही?

“आपल्याकडे जात होती, ते आधी बघा,” असंही कोणी म्हणतं. जरूर बघू या. हे दोन्ही एकत्र बघण्याचा धडा आपल्याच भाषेत घालून दिलेला आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसलेल्या माणसाला तेव्हा कळलं होतं की हा आपला विषय आहे. आपण तर त्या बंदरात सहल काढतो.

आणि मुलं. मुलांना जड जाईल असं म्हणणाऱ्या पालकांना माझं सांगणं आहे की इथल्या शाळेत त्यांना हे शिकवलंच जातं. फक्त तिथे हिंदुस्थानी माणूस त्या गोष्टीत कुठेच नसतो. तो दुवा त्यांना आपणच दिला पाहिजे, मराठीत दिला पाहिजे.

माझी मागणी साधी आहे. लिव्हरपूलच्या सहलीत अर्धा दिवस यासाठी ठेवा. टाऊन हॉल, वॉटर स्ट्रीट, मग चढण चढून कोलक्विट स्ट्रीट, रॉडनी स्ट्रीट, अबरक्रॉम्बी स्क्वेअर. लहान मुलांनाही जमेल एवढंच अंतर आहे. संग्रहालय २०२५ च्या सुरुवातीपासून नूतनीकरणासाठी बंद आहे, म्हणून तर रस्ते दाखवणं जास्त गरजेचं. सांगायला मला किंवा दुसऱ्या कुणा मराठी माणसाला उभं करू नका. या शहरातली आफ्रिकी वंशाची वस्ती युरोपातल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी आहे, त्यांच्यातले वाटाडे हे काम करतात. त्यांना रीतसर बोलवा आणि त्यांचे पैसे रीतसर द्या, फुकटात उरकू नका. ग्लॅडस्टनचं पत्र, मॉरिशसचं जहाज आणि २०१५ चं कर्ज ही आपली बाजू आपण सांगू. मराठी शाळांनी त्यावर एक तासिका घ्यावी. आणि लंडन-बर्मिंगहॅमच्या मंडळांनी गणपतीला किंवा दिवाळीला गयानाहून आलेल्या हिंदुस्थानी वंशाच्या कुटुंबांना एकदा तरी आग्रहाने बोलवावं. तीही दिवाळी साजरी करतात, आणि आपण त्यांना ‘ते कॅरिबियन’ म्हणून बाजूला ठेवतो, हे मला बरोबर वाटत नाही.

दरवर्षी २३ ऑगस्टला लिव्हरपूलमध्ये गुलामगिरी स्मृतिदिन पाळतात. जुन्या गोदीजवळ पाण्यावर तर्पण सोडतात. गणपतीच्या तयारीचे दिवस असतात, सगळे धावपळीत असतात, मला कल्पना आहे. तरी पुढच्या वर्षी मंडळांच्या वतीने काही जणांनी यावं. किती येणार ते जुलैपर्यंत आपापल्या कार्यकारिणीत ठरवा. राहण्याची अडचण असेल तर इथल्या मराठी घरांत सोय करण्याची जबाबदारी मी घेते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
लिव्हरपूलमधली एक मराठी रहिवासी